कब पथकाला घरची माणसं हवीत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला जेवणानंतरची वेळ दिली आहे. पोटात पुरणपोळी आहे, वर पंखा आहे, तेव्हा कुणाला डुलकी लागली तर मी वाईट वाटून घेणार नाही. वर्गात आपण सगळेच ती घेत होतो, गुरुजनांना ठाऊक आहे. पण विषय लहान मुलांचा आहे, म्हणून थोडा वेळ कान इकडे द्या.

मला आपल्या गावातल्या कब पथकाबद्दल बोलायला सांगितलं आहे. आपल्यापैकी बहुतेकांना स्काऊट माहीत आहे. आठवी-नववीत आपण खाकी घालून, गळ्यात स्काफ बांधून सव्वीस जानेवारीला उभे राहिलो होतो. खरी कमाईच्या दिवसांत गावात घरोघर जाऊन 'काही काम आहे का?' असं विचारलं होतं. कुणी अंगण झाडून घेतलं, कुणी ज्वारीची पोती आत ठेवून घेतली, आणि हातावर चार आणे-आठ आणे ठेवले. श्रावणी सोमवारी रामलिंगच्या गर्दीत रांगा लावल्या, म्हाताऱ्या माणसांना हात धरून पायऱ्या उतरवल्या. शिबिराला जाताना बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत खिडकीसाठी भांडणंही केली. ते सगळं स्काऊट. दहा वर्षांनंतरच्या मुलांसाठीचं.

कब म्हणजे त्याआधीचा टप्पा. साधारण सहा ते दहा वर्षांची मुलं, म्हणजे पहिली ते चौथी. याच वयाच्या मुलींच्या पथकाला बुलबुल म्हणतात. आज मी मुलांच्या कब पथकाबद्दल बोलणार आहे, कारण ते मी चालवतो. आणि बोलणार आहे ते मुलांशी नाही, तुमच्याशी. कारण कब पथकाबद्दल एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. हे पथक मैदानावर जेवढं चालतं, तेवढंच ते घरात चालतं. घरच्यांनी हात दिला नाही, तर मैदानावर नुसता खेळ उरतो.

आधी थोडं, हे आलं कुठून ते सांगतो.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्याने वीसेक मुलांना घेऊन आठवडाभर शिबिर घेतलं. त्यात श्रीमंतांच्या मोठ्या शाळांतली मुलं होती आणि साध्या घरांतली, काम करणारी मुलंही होती. त्यांना एकत्र करून लहान लहान संघांत वाटलं आणि प्रत्येक संघाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा केला. पुढच्याच वर्षी बेडन-पॉवेलचं पुस्तक आलं आणि स्काऊट जगभर गेलं. मग झालं असं, की मोठ्या भावाच्या मागे धाकटा भाऊ यायला लागला. 'मलाही घ्या' म्हणून रडायला लागला. आपल्याकडेही क्रिकेट खेळताना हेच होतं. धाकट्याला आपण 'कच्चा लिंबू' करतो आणि सीमेवर उभं करतो. बेडन-पॉवेलने त्याला कच्चा लिंबू केलं नाही. त्याच्यासाठी १९१६ साली वेगळी शाखा काढली. ती उभी करण्यात व्हेरा बार्कले नावाच्या एका तरुण बाईंचा मोठा वाटा होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'हे पुरुषांचं काम' असं म्हणून आपल्या भगिनी मागे सरतात. कब शाखा पहिल्या दिवसापासून बायकांच्या हातांनी उभी आहे.

या शाखेला धागा हवा होता. तो मिळाला मोगलीच्या गोष्टीत. मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचं 'जंगल बुक' १८९४ चं. त्यातलं जंगल आहे सिवनीचं, म्हणजे नागपूरहून जबलपूरकडे जाताना लागतं ते. लांडग्यांच्या कळपात वाढलेलं माणसाचं पोर, त्याला जंगलाचे नियम शिकवणारा अस्वल बल्लू, पाठीशी उभा राहणारा बगिरा आणि कळपाचा प्रमुख अकेला. आपल्या मुलांनी नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर हेच पाहिलं. जगभरात अनेक देशांत कब पथकाच्या प्रमुखाला मुलं 'अकेला' म्हणतात. परदेशातल्या लहान मुलाच्या तोंडी असलेला हा शब्द आपल्या इकडचा आहे. तर मी येडशीचा सध्याचा अकेला. घरी मात्र तसं कुणी म्हणत नाही.

आपल्या देशातली गोष्ट जरा वेगळी आहे आणि ती विसरू नये. १९०९ साली बंगळुरूमध्ये स्काऊटचं पहिलं पथक निघालं, तेव्हा ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होतं. भारतीय मुलांना दार बंद होतं. म्हणून आपल्या माणसांनी आपली पथकं काढली. १९१६ साली मद्रासकडे ॲनी बेझंट यांनी, १९१८ साली अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स झाली आणि पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गाईड त्यात आल्या. आज आपण ज्याला भारत स्काऊट्स आणि गाईड्स म्हणतो ती संस्था अशी तयार झाली. दार बंद असलेल्यांनी उभं केलेलं काम आहे हे. तेव्हा आपल्या पथकात कुठल्या गल्लीतला, कुठल्या वस्तीवरचा, कुणाचा, हे विचारलं जात नाही. ऊसतोडीला आई-बाप गेलेत आणि आजीजवळ राहिलेलं पोरही आमच्या रांगेत असतं, आणि दुकानदाराचंही. दोघं एकाच षटकात असतात.

षटक म्हणजे सहा जणांचा गट. पथकात जास्तीत जास्त चोवीस मुलं, म्हणजे चार षटकं. प्रत्येकाला एक रंग, प्रत्येकाचा एक नायक. आमचं पथक भरतं शनिवारी. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारी चार ते साडेपाच. आधी गोल करून प्रार्थना आणि झेंडा. मग पळापळीचा खेळ. मग एखादी गोष्ट हाताने करायची. दोरीच्या गाठी, खरचटलं तर जखम धुऊन पट्टी बांधणं, दिशा ओळखणं, शर्टाचं बटण लावणं. मग मोगलीच्या गोष्टीचा पुढचा भाग आणि शेवटी मैदान आवरणं. फुटका डबासुद्धा मागे ठेवायचा नाही.

हे सगळं खेळासारखं दिसतं. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. गणपती बुडवून आदल्या रात्री लोक दमून झोपले होते आणि किल्लारीकडे गावंच्या गावं दगडाखाली गेली. मी तेव्हा नवा शिक्षक होतो. त्यानंतर कुठल्याही मुलाला आपलं पूर्ण नाव, गाव, घरच्यांचा नंबर पाठ असणं, अंधारात घाबरून न जाता मोकळ्या जागेत येणं, लहान भावंडाचा हात न सोडणं, हे मला पाढ्यांइतकंच महत्त्वाचं वाटत आलं आहे. स्काऊटचं ब्रीद 'तयार' असं आहे. कबचं ब्रीद त्याहून लहान आणि त्याच्या वयाला शोभणारं आहे, 'कोशिश करो'. सहा वर्षांच्या लेकराकडून आपण तयारी मागत नाही, प्रयत्न मागतो.

वर्षातून काही वेळा आम्ही रामलिंगला जातो. आपलं नशीब असं, की गावाला लागूनच अभयारण्य आहे. पुण्या-मुंबईची मुलं त्यासाठी पैसे मोजतात. जटायूची गोष्ट प्रत्येकाला पाठ असतेच. पण कुठलं झाड कुठलं, मोराचं पीस कुठं पडलं, माकडांना बिस्किट का द्यायचं नाही, हे तिथं उभं राहून कळतं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तर टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ वन विभागाच्या कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा पथकात एकच प्रश्न, 'सर, शेरखान आला का?' आम्ही जंगलातल्या फेऱ्या थांबवल्या. मैदानावर मातीत हातांनी ठसे काढून वाघाचा ठसा कसा, कुत्र्याचा कसा, हे शिकवलं. आणि हेही सांगितलं, की शेरखान गोष्टीत वाईट असतो. खरा वाघ फक्त जागा शोधत आलेला असतो.

आता मुद्द्याचं. आठवड्यात तास असतात एकशे अडुसष्ट. त्यातला दीड तास मुलगा माझ्याकडे असतो. बाकी सगळे तास तो तुमच्याकडे आणि शाळेकडे. दीड तासात मी कुणाला घडवू शकत नाही. म्हणून कबचं निम्मं काम घरी असतं. प्रत्येक मुलाला आम्ही एक कार्ड देतो. ते स्वयंपाकघरात लावायचं. त्यावर कामं असतात. उठल्यावर अंथरुणाची घडी. जेवल्यावर ताट मोरीत नेऊन विसळणं. पाहुणे आले की पाण्याचा तांब्या भरून देणं. दारातल्या चपला रांगेत लावणं. आजोबांचा चष्मा शोधून देणं. आणि रोज एक सत्कृत्य, ज्याबद्दल बक्षीस मागायचं नाही. काम झालं की खूण मी करत नाही, आई करते. आई शेतात असेल तर आजी. म्हणजे परीक्षक तुम्ही आहात.

इथे अडचण येते. एका घरी आजींनी मला दारातच सुनावलं, ''सर, पोराला ताटं विसळायला लावता? मग घरात बायका कशाला आहेत?'' मी म्हटलं, ''आजी, तुमच्या घरात कोण काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी कार्ड काढून घेतो.'' कार्ड त्यांनी काढू दिलं नाही, नातवाने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. दोन महिन्यांनी त्याच आजी मैदानावर आल्या. सून तापाने अंथरुणात होती, मुलगा ड्युटीवर, आणि स्वतःचे गुडघे धरलेले. नातवाने पाणी भरलं, अंथरूण घातलं, भाकरी-दही ताटात घेऊन आईला दिलं आणि ताट विसळूनही ठेवलं. आजी एवढंच म्हणाल्या, ''माझ्या पोराला हे कुणी शिकवलं नाही.''

मित्रहो, आपल्याही पिढीतल्या मुलांना हे कुणी शिकवलं नाही. आपण परेड शिकलो, गाठी शिकलो, रामलिंगच्या यात्रेत अनोळखी माणसाला पाणी दिलं, आणि घरी येऊन आईला 'पाणी दे' म्हणालो. गावात सेवा आणि घरात हुकूम, हे दोन्ही एकाच मुलात राहू नये, म्हणून लहान वयातच सुरुवात करायची. दहाव्या वर्षानंतर ते अंगवळणी पडणं अवघड जातं. आणि मोबाइलची तक्रार प्रत्येक घर करतं. मोबाइल काढून घेतला तर हात रिकामे होतात आणि रिकामा हात परत मोबाइलकडे जातो. हाताला काम द्यावं लागतं. तेही असं, की ते त्याने केलं नाही तर घरात कुणाचं तरी अडेल.

आता तुमचे प्रश्न. ते नेहमीचेच असतात, म्हणून उत्तरं आधीच देतो.

खर्च किती? गणवेश लागतो, पण पहिल्या दिवशी लागत नाही. आमच्याकडे एक पेटी आहे. पाचवीत गेलेला मुलगा आपला गणवेश धुऊन, इस्त्री करून त्या पेटीत ठेवतो आणि नवा मुलगा तो घालतो. ज्याला नवा शिवायचा त्याने शिवावा. पण पैशांमुळे कुणी रांगेबाहेर राहत नाही.

अभ्यासाचं काय? दीड तासाने कुणाचा अभ्यास बुडत नाही. उलट ज्याला सहा जणांसमोर उभं राहून गोष्ट सांगता येते, त्याचा वर्गातला हात वर जायला लागतो.

पोरगा सुरक्षित आहे का? हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे, आणि कुठल्याही शिबिराबद्दल, कुठल्याही शिकवणीबद्दल विचारला पाहिजे. आमचा नियम साधा आहे. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल, असं कधीही नाही. निदान दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय पथक भरत नाही. पालक कधीही, न सांगता, येऊन बसू शकतात. कुठल्याही मुलाला 'हे घरी सांगू नको' असं कुणी म्हणालं, तर ते त्याने त्याच दिवशी घरी सांगायचं, हे आम्ही स्वतः मुलांना शिकवतो. मुक्काम वर्षातून एकच रात्र, शाळेच्या मैदानावर, आणि त्या रात्री पालकांतले काहीजण आमच्याबरोबर राहतात.

देवधर्माचं काय? प्रार्थना आहे, ती सर्वांची आहे. ईदला शिरखुर्मा येतो, संक्रांतीला तिळगूळ, आणि दोन्ही संपायला सारखाच वेळ लागतो.

मुलीला पाठवायचं आहे, काय करू? आपल्या गावात अजून बुलबुलचं पथक नाही. ते हवं आहे. मोगलीऐवजी त्यांच्यासाठी ताराची गोष्ट आहे. चालवायला एक ताई किंवा बाई पुढे आल्या, तर सुरू करता येईल. त्या आज या मांडवात बसल्या असतील असं मला वाटतं.

आणि आता शेवटचं, ज्यासाठी मी खरं तर उभा राहिलो. जिल्हा परिषद शाळांतलं आपल्याला माहीत आहे. एखादा शिक्षक जीव लावून पथक उभं करतो, मग त्याची बदली होते, आणि सहा महिन्यांत पेटीतला झेंडा पेटीतच राहतो. यात कुणाचा दोष नाही. दोष असलाच तर तो या समजुतीचा, की पथक शिक्षकाचं असतं. माझी बदली होणार नाही. येत्या मे महिन्यात मी निवृत्तच होतो आहे. पथकात आज एकवीस मुलं आहेत. जूनमध्ये शनिवारी चार वाजता ती मैदानावर येतील. त्यांच्यासमोर कोण उभं असेल, ते मला आज सांगता येत नाही.

मला वाटतं, एका माणसाने उभं राहायचंच नाही. कबमास्टर एक असावा लागतो, त्याने भारत स्काऊट्स आणि गाईड्सचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, ते काही दिवसांचं असतं आणि कुठलाही मनापासून काम करणारा माणूस ते पूर्ण करतो. पण त्याच्याबरोबर दहा घरं उभी राहिली, तर बदली झाली काय आणि निवृत्ती झाली काय, पथक चालतं. आणि आपल्या बॅचमध्ये काय नाही? एस.टी. चालवलेला आहे, त्याने वर्षातला एक शनिवार मुलांना रस्ता कसा ओलांडायचा ते या हमरस्त्याच्या चौकात उभं राहून शिकवावं. दवाखान्यात नोकरी केलेल्या आपल्या मैत्रिणी आहेत. त्यांनी पट्टी बांधायला शिकवावं. वायरमन आहे, शिंपी आहे, सुतार आहे. शेळ्या राखलेला आहे, ज्याने माळावर खरा लांडगा पाहिला आहे. त्याच्या गोष्टीपुढे मोगलीची गोष्ट फिकी पडेल. वर्षातले दोन शनिवार, एवढंच मागतो आहे. पैसे मागत नाही, कारण पैसे दिले की माणूस सुटला असं आपल्याला वाटतं.

जे पुण्या-मुंबईला, नाशिक-हैदराबादला स्थायिक झालेत, त्यांनीही मला सोडून द्या असं म्हणू नये. तुमच्या नातवाच्या शाळेत कब पथक आहे का, ते या आठवड्यात विचारा. असेल तर त्याला पाठवा आणि स्वतः जाऊन बघा. नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा, की का नाही. तेही नाही जमलं, तर निदान ते कार्ड घेऊन जा. मागच्या टेबलावर ठेवलं आहे. नातवाच्या घरात लावा आणि खूण करायला आजोबांनी बसावं. एक अट आहे. आजोबांनी आपलं ताट स्वतः विसळायचं.

येत्या शनिवारी चार वाजता शाळेच्या मैदानावर या. मुलाला घेऊन या, आणि त्याला सोडून जाऊ नका. कडेला बसा, दीड तास बघा, मग ठरवा. गुरुजनांनीही यावं अशी विनंती आहे. ज्यांनी आम्हाला गाठी शिकवल्या त्यांनी ती पोरं पाहावीत, आणि आमच्या गाठी सैल झाल्या असतील तर त्याही घट्ट कराव्यात.



जय हिंद, जय महाराष्ट्र.